लबाडीला दोघं लागतात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या रुग्णालयाचे अधीक्षक महोदय. आमच्यासारख्यांच्या घरच्या माणसांचा मेंदू ज्यांनी आतून पाहिलेला आहे अशा मेंदूविकार विभागाच्या प्रमुख डॉक्टर मॅडम. व्यासपीठावरचे इतर मान्यवर. परिचारिका भगिनी, वॉर्डातले मामा आणि मावश्या. समोर बसलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक, म्हणजे ज्यांना बोलता येतं ते, ज्यांना अजून येत नाही ते, आणि ज्यांना येतं पण घरचे बोलू देत नाहीत तेसुद्धा. आणि आजच्या सत्कारमूर्ती, ज्यांच्या दारावर 'वाचाउपचार विभाग' अशी पाटी असली तरी या इमारतीत ज्यांना 'बाई' याखेरीज दुसरं काही म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही, त्या आमच्या बाई. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या सिस्टरांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. "काका, फक्त दोन शब्द बोला," असं त्या म्हणाल्या. आता समारंभातले दोन शब्द म्हणजे काय असतं, हे या सभागृहातल्या खुर्च्यांनासुद्धा पाठ झालं असेल. पण सिस्टर, मी शब्दाचा पक्का आहे. मी खरोखरच दोन शब्दांवर बोलणार आहे. फक्त ते दोन शब्द यायला थोडा वेळ लागेल. आमच्याकडे ते यायला फार वेळ लागला होता.

आणखी एक. खिशात हात घालून भाषण करणं असभ्य समजलं जातं, मला कल्पना आहे. माझा उजवा हात कोटाच्या खिशात आहे आणि तो तिथेच राहणार आहे. म्हातारपणी हाताला काहीतरी धरायला लागतं, असं समजा आणि सांभाळून घ्या.

मी डॉक्टर नाही. शिक्षक नाही. वक्ता तर नाहीच, हे एव्हाना लक्षात आलं असेल. मी नोकरीभर वजनमापे निरीक्षक होतो. म्हणजे बाजारात जायचं, दुकानदाराच्या तराजूवर सरकारी वजन ठेवायचं आणि पारडं कुठे झुकतं ते बघायचं. मापात पाप शोधायचं, एवढंच काम. मी गल्लीच्या तोंडाशी दिसलो की आतला अख्खा बाजार एकदम प्रामाणिक व्हायचा. काहीजण तर इतके प्रामाणिक व्हायचे की गिऱ्हाइकाला मूठभर जास्तच घालायचे, आणि गिऱ्हाईक घाबरून विचारायचं, "शेट, बरं आहे ना?"

तेव्हा फसवाफसवी हा माझ्या अभ्यासाचा विषय. पदवी नसली तरी अनुभव दांडगा. आणि मला कायम नवल वाटत आलं आहे, की या एका गोष्टीसाठी आपल्या भाषेनं किती शब्द करून ठेवलेत! कपट आहे. कपट मनात राहतं. कपटी माणसाच्या घरी वर्षानुवर्षं चहा प्यायला तरी त्याचा पत्ता लागत नाही. गोगलगाय नि पोटात पाय. दगा आहे. तो झाल्यावरच कळतो. कावा आहे, त्याला डोकं लागतं. विश्वासघात आहे, तो केसाने गळा कापतो. फसवणूक आहे, तिला पोलीस लागतात. आणि या सगळ्या बड्या मंडळींच्या मागे, दाराआड उभं राहून हळूच हसणारी एक धाकटी बहीण आहे. लबाडी.

अर्थ विचाराल तर कोशात तिच्यापुढे तेच सगळे शब्द दिलेले सापडतील. पण अर्थ वेगळा आणि वापर वेगळा. मला सांगा, कपटी माणसाला आपण तोंडावर 'कपटी' म्हणतो का? म्हटलं की संबंध संपले. 'लबाड' मात्र तोंडावरच म्हणायचं असतं. आई कुशीतल्या पोराला म्हणते. मैत्रीण मैत्रिणीला म्हणते. झोपेचं सोंग घेऊन पडलेल्या नातवाला आजोबा म्हणतात. हा, हाच शब्द बाजारात दुकानदाराला म्हणून बघा, तराजू डोक्यात बसेल! मला विचारा. पण घरात तो म्हटल्यानं कुणी दुरावलेलं मी पाहिलं नाही.

आमच्या खात्याच्या अहवालात मात्र त्याला मज्जाव होता. नोकरीच्या सुरुवातीला मी एका दुकानाबद्दल लिहिलं होतं, 'सदर इसम लबाड आहे.' वरिष्ठांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "अहो, 'वजनात तफावत आढळली' असं लिहा. आणि हा शब्द घरी वापरा." मी आज्ञाधारक माणूस. शब्द घरी घेऊन गेलो. तिथे तो माझ्याच बाबतीत वापरला जाईल, याची कल्पना नव्हती.

सिस्टर, मी विषयावरच आहे. बाई कुठे आल्या यात, असं तुम्हाला वाटत असेल. येतायत.

आमची मुलगी लहान होती तेव्हा दुपारच्या वेळी घरात सापशिडी मांडली जायची. हिरवी सोंगटी माझी, लाल मुलीची, निळी माझ्या पत्नीची. पिवळी कुणाचीच नव्हती, पाहुणे आले तर असावी म्हणून. आणि इथे, सभ्य स्त्रीपुरुषहो, दिव्याखाली अंधार होता. सूतभर झुकलेली दांडी बाजारात लांबून ओळखणारा हा निरीक्षक सापशिडीत हरू शकत नसे. फासा चारचा पडे आणि चौथ्या घरात सापानं आ वासलेला असे. मग काय करता? मी बोलता बोलता पाच घरं जाई. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसा.

पत्नी अर्धा वेळ पटाशी नसायची. तिचं स्वयंपाकघरात काही ना काही चालू असे आणि तिची सोंगटी मुलगी चालवायची. पण मी पाचवं घर घेतलं रे घेतलं की आतून आवाज यायचा, "लबाड आहात!" मान वर न करता. ती माझ्या सोंगटीची टकटक मोजत असायची. कानानं! माझ्या खात्यात असा एक निरीक्षक असता तर बाजार सुधारला असता.

आणि मी काय म्हणायचो? "मी? छे!" चोरानं असंच म्हणायचं असतं. मग ती हात पुसत बाहेर यायची, माझी सोंगटी सापाच्या तोंडात द्यायची आणि सापाबरोबर खाली घसरवत न्यायची, अगदी सावकाश, शेपटीपर्यंत. त्यात तिला जो आनंद व्हायचा तो मी तिला दुसऱ्या कशानं देऊ शकलो असेन, असं मला वाटत नाही.

पुढे मुलगी मोठी झाली, सापशिडी माळ्यावर गेली, पण शब्द खालीच राहिला. मी भूक नाही म्हणालो आणि डबा उघडल्याचा आवाज झाला, लबाड आहात. तिच्या माहेरच्यांचा फोन आला आणि मी न्हाणीघरात शिरलो, लबाड आहात. एकदा मी तिला म्हणालो, तू लग्नात दिसत होतीस तशीच दिसतेस अजून. त्यालाही तेच उत्तर. 'अहो' म्हणायची, 'आहात' म्हणायची, सगळा मान राखायची आणि त्या मानाच्या मधोमध तो शब्द ठेवून द्यायची. तो शब्द ऐकला की मला वाटायचं, आपल्यावर कुणाचं तरी लक्ष आहे. माणसाला आणखी काय हवं असतं हो?

मग एका सकाळी ती धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती. एक घडी घातली आणि दुसरी कशी घालायची ते तिला सुचेना. टॉवेल हातात धरून तिनं माझ्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणाली, आणि त्यात शब्दच नव्हता.

पक्षाघात. डॉक्टर मॅडमनी जीव वाचवला, त्यांचे उपकार मी या व्यासपीठावरून मानतो. काही आठवड्यांनी ती काठी घेऊन चालू लागली. उजवा हात अर्धा परत आला. वाचा गेली ती गेली. डोक्यात सगळं होतं, समजत सगळं होतं, पण तोंडातून एकच शब्द यायचा. 'मग'. भूक लागली, मग. पंखा लाव, मग. मुलगी सासरहून आली तर तिला कुशीत घेऊन मग मग मग. कधी ती पाच-सहा वेळा 'मग' म्हणायची आणि मला काहीच कळायचं नाही, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसायची. मी त्या पाठीला चहा नेऊन द्यायचो.

अशा अवस्थेत आम्ही बाईंच्या खोलीत आलो. नव्या माणसांसाठी सांगतो: तळमजल्यावर, एक्स-रेच्या पुढे, चादरींच्या खोलीला लागून. आत एक टेबल, एकमेकींशी काही नातं नसलेल्या चार खुर्च्या, भिंतीवर आरसा आणि खिडकीत एक बरणी. बरणीत लिमलेटच्या गोळ्या. मला वाटलं रुग्णांसाठी असतील. बाईंनी एक काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "तोंडात ठेवा. विरघळेपर्यंत बोलायचं नाही. चावायची नाही."

इथे बरेच नातेवाईक हसतायत. म्हणजे तुम्हीही खाल्ल्या आहेत. बाईंचं म्हणणं असं, की रुग्णाला शब्द आठवायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ नातेवाइकाला सोसत नाही. तो मध्येच शब्द देऊन मोकळा होतो. उचलली जीभ लावली टाळ्याला! म्हणून गोळी. या रुग्णालयात जिभेचं औषध नातेवाइकाला देतात, हे मी नंतर अनेकांना सांगितलं आहे.

आणि गोळीची मला गरज होती. कारण घरी मी काय करत होतो? भाजी समोर धरायची आणि म्हणायचं, म्हण, भोपळा. म्हण, चहा. म्हण, पाणी. ती माझ्याकडे असं बघायची, की मी तिला नाही, तिनं मला डॉक्टरांकडे न्यायला हवं. मी बाईंना म्हणालो, "निदान पाणी मागता यायला हवं ना?" बाई म्हणाल्या, "पाणी बोटानं मागता येतं, काका. भांडायला बोट पुरत नाही." आणि त्यांनी खणातून सापशिडी काढली.

मी त्यांना आमच्याकडच्या सापशिडीबद्दल अवाक्षर बोललो नव्हतो. ती त्यांची नेहमीची पद्धत होती. प्रत्येकाशी त्या खेळायच्या. घरं मोजताना आकडे आपसूक तोंडात येतात, असा एक फायदा. पण खरी गोम दुसरी. बाई खोटं खेळायच्या. या शांत, चष्मा लावलेल्या, पांढरा कोट घातलेल्या बाई, ज्यांच्याकडे बघून शेजारीण घराच्या किल्ल्या सोपवेल, त्या फासा तीनचा पडला की चार घरं जायच्या. चेहऱ्यावर रेष हलायची नाही. अध्यक्ष महोदय, आपण इतकी वर्षं यांच्या सेवेचा गौरव करत आलात. आपल्या रुग्णालयात रोज सकाळी काय चालायचं ते आज ऐकून घ्या. मोठमोठे गृहस्थ, महिनोन्‌महिने मुके झालेले, टेबलावर मूठ आपटून उठायचे. कुणाला "ए!" फुटायचं, कुणाला "नाही!", एका ड्रायव्हरला तर अशी अस्सल शिवी फुटली की शेजारच्या खोलीतून चादरी मोजणाऱ्या मावशी धावत आल्या. बाईंनी त्याला उभं राहून टाळ्या वाजवल्या.

माझी पत्नी पहिल्या दिवशी नुसती बघत राहिली. पुढच्या खेपेला तिनं बाईंची सोंगटी डाव्या हातानं मागे आणली. त्याच्या पुढच्या खेपेला "मग! मग! मग!" आणि मग एका सकाळी, बाहेर स्ट्रेचरची चाकं कुरकुरत होती, बाईंनी फासा टाकला, दोनाची तीन घरं केली, साप चुकवला. पत्नीचे ओठ हलले. 'ल' आला. परत गेला. पुन्हा आला. माझ्या तोंडात गोळी होती, आणि तो शब्द मला माहीत होता, माझ्या अख्ख्या संसाराचा तो शब्द माझ्या जिभेच्या टोकावर त्या गोळीशेजारी बसला होता, आणि मी बोलायचं नव्हतं.

"लबाड!"

बाईंना म्हणाली. मी गोळी चावली. कडाडून आवाज झाला. नियमभंग झाला, बाई, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, पण तुमच्या लक्षात आला होता.

मी रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. पण मंडळी, घरी जाताना रिक्षात माझ्या मनात दुसरंच काहीतरी सलायला लागलं. तो माझा शब्द होता. आणि तो बाईंना गेला.

सिस्टर, चिठ्ठी मिळाली. शेवटचाच मुद्दा आहे.

मी माळ्यावरून आमची सापशिडी काढली. रोज दुपारी मांडायला लागलो आणि रोज खोटं खेळायला लागलो. चाराची पाच, दोनाची सहा, एकदा तर फासा न टाकताच निघालो. काही नाही. ती माझी सोंगटी उचलायची, योग्य घरात ठेवायची आणि खिडकीबाहेर बघायची. शब्द वाढत होते तिचे. 'नको' आला, 'पंखा' आला, मुलीचं नाव आलं, दूधवाल्याला 'उद्या' म्हणू लागली. मला काही नाही. मला अजून 'मग'. महिने गेले. मला तिच्याकडून तेवढा एक शब्द हवा होता. प्रेमाचे शब्द आमच्या पिढीत आम्ही कधी एकमेकांना म्हटले नाहीत, त्या सगळ्यांच्या जागी हाच एक होता, आणि तो गेला तर माझ्यापाशी तिचं असं काय राहणार होतं?

शेवटी मी बाईंना गाठलं. म्हटलं, "बाई, तुम्हाला म्हणते, मला का म्हणत नाही? मी तर तुमच्या दुप्पट लबाडी करतो."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "काका, जिंकायला करता की त्यांना दिसावी म्हणून करता?"

मी टेबलावरचा फासा उचलून पुन्हा खाली ठेवला.

"दाखवून केली, की लबाडी नसते हो ती. त्यांना कळतं. तुम्ही त्यांना बोलायला लावायला बसलात, हे त्यांना दिसतंय. पकडायला उरलं काय मग? आणि डाव तुम्ही हरता ना रोज?"

"हरतो," मी म्हटलं. "आजारी माणूस आहे. जिंकली की बरं वाटतं तिला."

"त्यांना नाही वाटत," बाई म्हणाल्या. "तुम्हाला वाटतं. त्यांना नवरा हवाय, काका. वॉर्डबॉय इथे पुष्कळ आहेत."

वॉर्डबॉय मंडळींनी राग मानू नये. पण मला ते लागलं. इतक्या महिन्यांत मी तिच्याशी एकदाही भांडलो नव्हतो. तिच्या भाजीला नाव ठेवलं नव्हतं. ती चिडली की हो हो म्हणत होतो. जिच्यापुढे मी जन्मभर धडपडून जिंकायला बघत होतो, तिच्यापुढे मी रोज मुद्दाम हरत होतो. यापेक्षा मोठं कपट ते कोणतं? आणि कपटाला ती 'लबाड' कशी म्हणेल? शब्द तिला बरोबर कळत होता. मलाच कळत नव्हता.

मग मी जिंकायला खेळू लागलो. सरळ, हिशोबी, निर्दयपणे. ती सापाच्या तोंडात गेली की मी तिला हात धरून शेपटीपर्यंत पोचवायचो. तिसऱ्या रांगेत बसून जी आता मला घड्याळ दाखवते आहे ती माझी मुलगी एकदा आली, तिनं हे पाहिलं आणि माझ्यावर कडाडली, "बाबा, लाज नाही वाटत? आजारी बाईला हरवून टाळ्या कसल्या वाजवता?" मी म्हटलं, तू मध्ये पडू नकोस. तिची आई रुसली. दोन दिवस पटाशी बसली नाही. तिसऱ्या दिवशी आपणहून सापशिडीचा डबा घेऊन आली आणि माझ्यासमोर आदळला. डाव्या हातानं, पण काय आदळला!

त्या दुपारी आम्ही दोघंही वरच्या ओळीत पोचलो. माझ्यापुढे शेवटचा मोठा साप. फासा पडला तो नेमका त्याच्या तोंडाचा. तेवढ्यात ओट्यावर दूध उतू जायला लागलं. ती काठी टेकत उठली, आत गेली, पाठ वळली. आणि मंडळी, शपथेवर सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात औषध नव्हतं, उपचार नव्हता, बाई नव्हत्या. मला तो डाव हवा होता. मी सोंगटी हळूच एक घर पुढे सरकवली. आणि अगदी निरागस चेहरा करून पंख्याकडे बघत बसलो.

ती आली. बसली. पटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बराच वेळ. मी गोळी तोंडात असल्यासारखा गप्प. ओठ हलले.

"लबाड..."

मी हललो नाही. अजून काहीतरी येत होतं. ते येताना दिसत होतं, घाट चढून येणाऱ्या माणसासारखं, दम खात खात.

"...आहात."

हे ते दोन शब्द, सिस्टर. तुम्ही दोनच बोला म्हणाला होतात.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, हे त्यांचं पहिलं वाक्य. कर्ता नसला तरी वाक्यच ते. कर्ता समोर बसला होता ना! आणि मी त्या दुपारी काय केलं माहीत आहे? गळ्यात पडलो नाही, मुलीला फोन केला नाही. ते सगळं नंतर. आधी मी जे म्हणायला हवं तेच म्हटलं. "मी? छे!" आणि ती हसली. आवाज फुटून हसली आणि माझी सोंगटी सापावरून घसरवत घसरवत खाली घेऊन गेली.

त्यानंतर आम्हाला काही वर्षं मिळाली. फार शब्द आले नाहीत. जेवढे आले तेवढ्यात आमचं भागलं. त्यातले निम्मे माझ्यावर आरोप होते.

गेल्या वर्षी ती गेली.

घरी आता तसं काही कमी नाही. मुलगी रोज फोन करते, "बाबा, जेवलात का?" मी म्हणतो, जेवलो. ती म्हणते, बरं. विश्वास ठेवते. किती एकटं वाटतं विश्वास ठेवला की! परवा मी डबा काढला, एकट्यानंच पट मांडला. फासा टाकला आणि चाराची पाच घरं गेलो, जरा टकटक आवाज करून. आणि स्वयंपाकघराकडे कान देऊन बसलो. वेडेपणा आहे, कळतं मला. पण एक गोष्ट तेव्हा कळली, ती कोशात कुठे दिलेली नाही. कपट एकट्याला करता येतं, दगा एकट्याला देता येतो. लबाडी एकट्यानं होत नाही. ती पकडणारं कुणीतरी आतल्या खोलीत असावं लागतं. नाहीतर ती नुसती एक सोंगटी असते, कुठल्याही घरात ठेवली तरी चालणारी.

मला आतल्या खोलीतली ती हवी आहे. दुसरं काही नाही. बाई, तुमच्या निरोपाला उभा राहून मी माझंच गाणं गातोय, पण तुमच्याशिवाय हे कुणाला सांगणार? तुम्ही तिला ओळखत होतात. तिचा पहिला 'लबाड' तुमच्या नावावर आहे. मी तो तेव्हा तुम्हाला द्यायला तयार नव्हतो. आज देतो.

तुमच्या जागी येणाऱ्या नव्या मॅडम पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना एवढंच सांगतो, गोळ्यांची बरणी भरलेली ठेवा आणि खोटं खेळायला लाजू नका. तुमच्या विभागातल्या पटावरचे साप इतकी बोटं फिरून पुसट झालेत. म्हणून आमची सापशिडी मी आणली आहे, ती विभागाला भेट. बाई, तुमच्या हस्ते स्वीकारावी. डब्याला रबर लावलंय, पट जरा मध्ये फाटलाय, चिकटपट्टी लावली आहे. बाकी सगळं आत आहे. फासा, सोंगट्या, सगळं. अगदी पूर्ण.

अध्यक्ष महोदयांनी मला संधी दिली, डॉक्टर मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं, सिस्टरांनी तीन चिठ्ठ्या पाठवल्या आणि एकदाही माइक बंद केला नाही, आपण सर्वांनी खुर्च्या न वाजवता साथ दिली, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. निरीक्षकाचंच माप आज चुकलं. पाच मिनिटांच्या पारड्यात मी बरंच जास्त घातलं. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राहिला असेल, कुणाला उणंअधिक बोललो असेन, तर म्हाताऱ्याला पदरात घ्या. बाई, तुम्हाला उरलेलं आयुष्य भांडायला भरपूर माणसं मिळोत. मी थांबतो.

बाई, आत्ता नका उघडू डबा. नंतर सावकाश बघा. अहो, फोटो काढायचाय त्यांना, तसाच धरा... ऐकत नाहीत. मोजतायत. लाल आहे. पिवळी आहे. हिरवी आहे. निळी? अहो, असेल कुठेतरी, पटाच्या घडीत अडकली असेल. तिथे नाही? मग खाली पडली असेल. खिशात? माझ्या? हा हात ना, हा आपला असाच, सवयीनं...

काय म्हणालात, बाई?

मी? छे!

बाई... पुन्हा एकदा म्हणाल का तो शब्द? जरा मोठ्यांदा.